एकच कान मंदावतो तेव्हा

कान दोन असतात. परंतु बहिरेपणाचा विचार करताना आपले कायदे, आपली रुग्णालये आणि आपण स्वतःही ते जणू एकच असल्यासारखे वागतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांचा हिशेब एकत्र मागतो. बोलण्याच्या पट्टीतील स्वरांबाबत दोन्ही कानांत सत्तर डेसिबलची उणीव असेल तर त्या व्यक्तीस कर्णबधिर म्हणावयाचे, साठ ते सत्तरच्या दरम्यान असेल तर श्रवणदुर्बल. सवलती कोणास द्यावयाच्या हे ठरविण्यासाठी ही व्याख्या गैर नाही. ज्याचा एक कान शाबूत आहे त्याचा संसार, नोकरी, बाजारहाट सारे चालून जाते, आणि राज्याच्या मदतीची गरज ज्यांना अधिक त्यांना ती आधी मिळावी हे न्यायाचेच आहे. परंतु सवलतीसाठी केलेला हिशेब आणि रोगनिदानासाठी करावयाचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यवस्थेच्या ध्यानात राहत नाही. सवलतीच्या दृष्टीने चांगला कान महत्त्वाचा. रोगाच्या दृष्टीने महत्त्व असते ते दोन कानांतील तफावतीला.

याचे कारण साधे आहे. वाढते वय, गिरणी-कारखान्यांतील गोंगाट, क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन, ही सर्व कारणे बहुधा दोन्ही कानांना सारखीच झिजवितात. उलट एकच कान मंदावत असेल, तर त्याच बाजूस काही तरी घडले आहे असे मानावे लागते. घडलेले बहुतेक वेळा किरकोळ किंवा जुने असते. लहानपणी आलेल्या गालगुंडांनी एक कान कायमचा गेलेला असतो आणि ते चाळिशीत कळते. दिवाळीत कानाशी फटाका फुटलेला असतो. उजव्या खांद्यावर बंदूक टेकवून वर्षानुवर्षे नेमबाजी केलेल्या माणसाचा डावा कान आधी निकामी होतो, कारण नळीच्या तोंडाकडे तोच वळलेला असतो. (मास्तरांच्या चपराकीने कानाचा पडदा फाटल्याची उदाहरणे एकेकाळी दुर्मिळ नव्हती, शिक्षकवर्ग या उल्लेखाबद्दल क्षमा करील.) परंतु या ढिगाऱ्यात, शंभरात एक-दोन माणसे अशी असतात की ज्यांच्या कानामागे, कवटीच्या आत, एक गाठ हळूहळू वाढत असते. प्रश्न या एक-दोन माणसांचा आहे, आणि त्यांना हुडकण्यासाठी उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना किती तसदी द्यावी याचा आहे.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. अंतर्कर्णापासून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूचे दोन भाग असतात, एक ऐकण्याचा आणि एक शरीराचा तोल सांभाळणारा. गाठ उगवते ती बहुधा तोलाच्या तंतूवरील वेष्टनातून. पण ज्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून हे तंतू जातात तेथे जागाच इतकी थोडी असते, की दाबाचा पहिला बळी श्रवणतंतू ठरतो. त्याच बोगद्यातून चेहऱ्याची हालचाल करणारा सातवा तंतूही जातो. बोगद्यातून बाहेर पडलेली गाठ लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांमधील कोपऱ्यात पसरते, आणि तेथे ती पुरेशी मोठी झाली तर चेहरा बधिर होणे, चालताना झोक जाणे, डोके दुखणे, दृष्टी अधू होणे आणि अखेर प्राणावर बेतणे हा क्रम सुरू होतो. सरासरी वाढ वर्षाला एक-दोन मिलिमीटर. अशा मंद शत्रूबद्दल कोणाला फारशी धास्ती वाटत नाही, आणि घोटाळा तेथेच होतो.

आरंभीची लक्षणे इतकी घरगुती असतात की रुग्ण त्यांना लक्षण म्हणतच नाही. कचेरीतला कारकून टेलिफोन डाव्या कानाला लावीत असे, तो केव्हा तरी उजव्या कानाला लावू लागतो, आणि का, हे त्याला विचारले तरी सांगता येत नाही. वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षिकेला मागच्या बाकांवरून कोणी तरी बोलले एवढे कळते, पण कोणत्या कोपऱ्यातून, हे कळत नाही. कारण आवाजाची दिशा ओळखण्यासाठी तो दोन्ही कानांवर किंचित वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जोराने पोहोचल्याचे मेंदूला समजावे लागते. एका कानाच्या माणसाला ही तुलना करता येत नाही. दुसरे एक चिन्ह अधिक अर्थपूर्ण आहे: आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. कानाची झीज आणि तंतूवरील दाब यांतला फरक पुष्कळदा येथे उघड होतो. एकाच कानात सतत गुणगुण, अंधारात चालताना थोडी अस्थिरता, एवढे आणखी. यांतले काहीही पोटापाण्याच्या आड येत नाही. घरची मंडळी हाक ऐकू आली नाही म्हणून कुरकुरतात, आणि वयाचा दोष म्हणून विषय संपतो.

हा इतिहास नवा नाही. लायडनच्या एदुआर्द सांडिफोर्ट या शरीरशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये शवविच्छेदनात ही गाठ पाहून तिचे वर्णन केले. परंतु जिवंत माणसात ती ओळखण्याची शिस्त लावली ती अमेरिकेतील मेंदुशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी लक्षणे कोणत्या क्रमाने येतात याचा बारकाईने माग काढला. त्यांच्याकडे येणारे रुग्ण डोकेदुखी आणि जाऊ लागलेली दृष्टी घेऊन येत. खोदून विचारल्यावर कळे की एक कान कित्येक वर्षांपूर्वीच मंदावला होता. म्हणजे रोगाने आपली वर्दी फार आधी दिलेली होती, ती कोणी ऐकली नव्हती एवढेच. त्या काळापर्यंत या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या दहा रुग्णांतले सात-आठ दगावत. कुशिंग यांनी वेष्टन मागे ठेवून गाठ आतून पोखरण्याची पद्धत अवलंबिली आणि हे प्रमाण पाचात एकाच्या आसपास आणले. पण मागे उरलेली गाठ पुन्हा वाढे. पुढे वॉल्टर डँडी यांनी ती संपूर्ण काढण्याचा मार्ग दाखविला, आणि १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, कानाच्या हाडातून वाट काढून, चेहऱ्याचा तंतू वाचवीत शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र उभारले. १९६९ मध्ये स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांच्या गॅमा किरणांच्या यंत्राने कवटी न उघडता या गाठीवर पहिला उपचार झाला. उपचारांची ही प्रगती नेत्रदीपक आहे यात शंका नाही. तथापि या साऱ्या तंत्रांचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून राहिले आहे, ती म्हणजे गाठ हाती येते त्या वेळचा तिचा आकार. लहान गाठीवर किरणांचा उपचार करता येतो. तीन सेंटिमीटरच्या पलीकडे गेलेल्या गाठीसाठी बहुधा शस्त्राखेरीज गत्यंतर उरत नाही. लहान गाठ काढताना चेहरा वाचण्याची शक्यता मोठी, मोठ्या गाठीत ती घटत जाते. अर्धा चेहरा लुळा पडलेला, डोळा मिटत नाही म्हणून तो सतत कोरडा पडणारा, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून सांडणारा माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही शक्यतांची भाषा कोरडी वाटणार नाही. भारतातील मेंदुशल्यविशारदांच्या अनुभवांत मोठ्या आणि अतिमोठ्या गाठींचाच भरणा असतो, ही गोष्ट वैद्यकीय जगतात सर्वज्ञात आहे. पाश्चात्त्य देशांत काही मिलिमीटरच्या गाठीवर काय करावे याचा वाद चालतो; आपल्याकडे गाठ येते ती लिंबाएवढी होऊन. निसर्गाने भारतीयांना वेगळी गाठ दिलेली नाही. उशीर आपला आहे.

गाठ शोधण्याचे साधन आता निर्विवाद आहे. १९७० नंतरच्या दशकात आलेली, मेंदूच्या देठापर्यंत आवाज पोहोचण्याचा वेळ मोजणारी परीक्षा, जिला आपल्या दवाखान्यांत 'बेरा' म्हणतात, मोठ्या गाठी बऱ्यापैकी पकडते. एक सेंटिमीटरहून लहान गाठी मात्र तिच्या हातून निसटतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एम.आर.आय. आणि गॅडोलिनियमचे इंजेक्शन ही जोडी आली आणि संशय मिटविण्याचा प्रश्न सुटला. पुढची पायरी सामान्य रुग्णाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. इंजेक्शन न देता, केवळ कानामागच्या त्या बोगद्यापुरती, अतिशय पातळ छेदांची प्रतिमा घेता येते. भोवतीचे पाणी पांढरे दिसते आणि त्यात तंतू काळ्या दोऱ्यांसारखे उमटतात. गाठ असेल तर दोऱ्यावर गाठ मारल्यासारखी दिसते. या परीक्षेला वेळ थोडा लागतो, औषध लागत नाही, आणि चाळणी म्हणून ती पुरेशी आहे. जेथे शंका उरेल तेथेच इंजेक्शन द्यावे.

मग कोणाला या यंत्राखाली पाठवावयाचे? ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०१८ मध्ये एक सुटसुटीत नियम घालून दिला. ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ या पाच स्वरांवर दोन्ही कानांची परीक्षा करावी, आणि लगतच्या कोणत्याही दोन स्वरांवर दोन कानांत पंधरा डेसिबल किंवा अधिक अंतर दिसले, दोष मज्जातंतूच्या जातीचा असला, तर प्रौढ रुग्णाच्या बाबतीत एम.आर.आय.चा विचार करावा. चेहऱ्याचे स्नायू दुबळे होणे यांसारखी खूण असेल तर आकड्यांची वाट न पाहता तो करावा. 'विचार करावा' आणि 'करावा' यांतील फरक नियमकर्त्यांनी जाणूनबुजून ठेवला आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या गृहस्थाला, ज्याच्या बाबतीत गाठ सापडली तरी काहीच करावयाचे नाही, यंत्रात घालण्याचे कारण नाही. नियम डॉक्टरच्या विवेकाला पर्याय म्हणून नाही. विवेक वापरण्याची आठवण म्हणून आहे.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला खर्चाचा. शंभरात दोन हे प्रमाण धरले तर एक गाठ सापडण्यासाठी पन्नास जणांची प्रतिमा काढावी लागते. ज्या राज्यात जिल्ह्याच्या गावी यंत्र मिळण्यासाठी अपघाताच्या रुग्णालाही ताटकळावे लागते, तेथे पन्नासांतील एकोणपन्नास जणांना 'काही नाही' असे सांगण्यासाठी रांग वाढवावी काय? दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सापडलेल्या गाठीही पुष्कळदा वाढत नाहीत. मग ज्या गाठीने माणसाला कधीच त्रास दिला नसता, ती दाखवून त्याच्या मनात आयुष्यभराची धास्ती का पेरावी?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. त्या चिमुकल्या देशाने १९७६ पासून आपल्या देशातील अशा प्रत्येक रुग्णाची नोंद एकाच ठिकाणी ठेवली. त्या वर्षी दर दहा लाखांत सुमारे तीन जणांत ही गाठ सापडत असे. २०१५ पर्यंत हा आकडा चौतीसच्या घरात गेला. रोग दहा पटींनी वाढला नाही, तो दिसू लागला. २००६ मध्ये तेथील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता केवळ नजरेखाली ठेवलेल्या ५५२ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. बोगद्याच्या आतच असलेल्या गाठींपैकी सुमारे १७ टक्के वाढून बाहेर आल्या. आधीच बाहेर आलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के वाढल्या. आणि जी काही वाढ व्हावयाची ती निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच झाली. याचा अर्थ असा की गाठ सापडणे म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. बहुतेकांना काही वर्षे ठराविक अंतराने पुन्हा प्रतिमा काढून घेण्यापलीकडे काही करावे लागत नाही. धास्ती असते हे खरे. परंतु ती न जाणण्याने टळत नाही, केवळ पुढे ढकलली जाते, आणि ज्या थोड्यांची गाठ वाढते त्यांच्यावर ती भलत्याच रूपाने येऊन कोसळते. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. गाठ लवकर सापडली म्हणून गेलेले श्रवण सहसा परत येत नाही, आणि उरलेलेही टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. लवकर निदानाने वाचतो तो चेहरा, तोल, आणि उपचार निवडण्याचा अधिकार.

खर्चाच्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी यंत्राच्या कितीतरी अलीकडे जावे लागते. आपल्याकडे एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष मळाचा, फुटलेल्या पडद्याचा किंवा वाहत्या कानाचा असतो. हा दोष आवाज आत पोहोचण्यातला. त्याचा मज्जातंतूशी संबंध नाही. या सर्वांना वगळण्यासाठी लागते ते उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले असते: नादकाटा. वेबर आणि ऱ्हिने या जर्मन संशोधकांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन परीक्षा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. वाजता नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकविला असता तो मंद कानात मोठा ऐकू आला तर दोष बहुधा वाटेतला. चांगल्या कानात मोठा ऐकू आला तर दोष आतला. एक मिनिटही लागत नाही, वीज लागत नाही. दोष वाटेतला ठरला तर कान साफ करावा, औषध द्यावे, पुन्हा तपासावे. असे गाळून उरलेल्यांचीच श्रवणपरीक्षा यंत्राने करावयाची.

आणि ती नीट करावयाची. येथे एक तांत्रिक गोष्ट विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण तिच्यावर साऱ्या चाळणीची भिस्त आहे. मंद कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जातो, आणि रुग्ण प्रामाणिकपणे 'ऐकू आले' म्हणून बोट वर करतो. अशा रीतीने पार बहिरा झालेला कानही कागदावर मध्यम बहिरा दिसतो. हे टाळण्यासाठी चांगल्या कानात सळसळीसारखा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते; याला 'मास्किंग' म्हणतात. गोंगाटाच्या शिबिरात, सभागृहाच्या कोपऱ्यात, प्रशिक्षित माणसाशिवाय घेतलेल्या परीक्षेत हे होत नाही, आणि मग जी तफावत शोधावयाची तीच पुसली जाते. श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानात होणाऱ्या मोफत तपासणीचे मूल्यही वाचकांनी याच निकषावर ठरवावे. तेथे प्रश्न असतो यंत्र किती शक्तीचे द्यावे हा. कान का मंदावला हा नसतो. एकाच कानासाठी श्रवणयंत्र मागण्यास आलेल्या प्रौढ माणसाला, त्या कानाची डॉक्टरी चौकशी झाल्याचा कागद पाहिल्यावाचून यंत्र विकू नये, असा दंडक घालणे सरकारला अवघड नाही.

अचानक, दोन-तीन दिवसांत, एक कान जाणे ही गोष्ट निराळी. तेथे रांग नाही, शिबिर नाही. दिवस मोजून उपचार करावे लागतात, कारण पहिल्या दोन आठवड्यांत दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. पण त्यातही एक फसगत आहे. औषधाने ऐकू येऊ लागले म्हणजे गाठ नाही असे सिद्ध होत नाही. अशा रुग्णाचीही मागाहून प्रतिमा काढली पाहिजे; बरा झालेला रुग्ण पुन्हा येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

राष्ट्रीय बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे. त्याचा भर टाळता येण्याजोग्या कर्णरोगांवर आणि मुलांवर आहे, आणि तो तसा असणे योग्यही आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणतज्ज्ञ घडवीत आहे. म्हणजे माणसे आहेत, कार्यक्रम आहे. नाही तो फक्त दोन कानांतील तफावतीसंबंधीचा लेखी नियम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात बहिरेपणाच्या प्रतवारीत एका कानाच्या बहिरेपणाला स्वतंत्र ओळ दिली. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नोंदवहीत ती ओळ अजून यावयाची आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची रचना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती आहे. मेंदूतील मोठ्या गाठीच्या शस्त्रक्रियेचा भार सार्वजनिक तिजोरी उचलते, परंतु ती गाठ लहान असताना दाखविणाऱ्या बाह्यरुग्ण तपासणीसाठी गरीब माणसाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. या हिशेबात काटकसर कोठे आहे हे समजत नाही.

गाठींची संख्या किती निघेल याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली आणि दर लाखामागे वर्षाला एक हे जुने प्रमाण लावले, तर अकराशेच्या वर रुग्ण दरवर्षी नव्याने निघावेत. डेन्मार्कचे अलीकडचे प्रमाण लावले तर ही संख्या तिप्पट होईल. आपली लोकसंख्या तरुण असल्याने ती तितकी होणार नाही. अकराशे घरांचा प्रश्न राज्याच्या कुवतीबाहेरचा खास नव्हे. प्रत्येक महसूल विभागात एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने आठवड्यातील अर्धा दिवस या छोट्या, इंजेक्शनविरहित प्रतिमांसाठी राखून ठेवावा. पंधरा डेसिबलचा नियम मराठीत छापून प्रत्येक श्रवणपरीक्षा केंद्रात भिंतीवर लावावा. श्रवणालेखाचा कागद, दोन्ही कानांच्या रेषांसह, रुग्णाच्या हाती द्यावा. आणि ज्यांच्यात गाठ सापडेल त्यांची नोंद डेन्मार्कप्रमाणे एका जागी ठेवावी. नजरेखाली ठेवलेला रुग्ण दुसऱ्या वर्षी आला नाही तर त्याला पत्र पाठविण्याचे काम कोणा एका कारकुनाकडे नावानिशी सोपविलेले असावे, कारण पाच वर्षे पाठपुरावा करणे हे यंत्राचे काम नाही, आणि डॉक्टरला त्यासाठी सवड मिळणार नाही.